विस्मरणात गेलेली शिकारी रायफल काडतुसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या काडतुसांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड आणि अपवादांचे शेवटी. ही सगळी चर्चा जिथे परवाना घेऊन कायदेशीर शिकार होते त्याच संदर्भात आहे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये (एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम) आणि वेग फूट प्रतिसेकंदात दिला आहे, कारण रायफलवाल्यांच्या बोलण्यात हीच मापं असतात. काडतुसाच्या नावातला आकडा बहुधा गोळीची किंवा नळीची जाडी सांगतो: .३४८ सारखा असेल तर इंचांत, ९.३×६२ सारखा असेल तर मिलिमीटरमध्ये, आणि × नंतरचा आकडा पितळी टरफलाची लांबी.

१. काडतूस ‘कालबाह्य’ झालं असं नेमकं कधी म्हणायचं?

या एका शब्दाखाली तीन वेगळ्या अवस्था येतात. एक, कारखान्यांनी ते काडतूस बनवणंच थांबवलं. दोन, काडतूस कधीमधी मिळतं, पण त्याची नवी रायफल कुणी बनवत नाही. तीन, दोन्ही मिळतं, फक्त लोकांचं लक्ष उडालं.

दुसऱ्या अवस्थेचं ठळक उदाहरण .३४८ विंचेस्टर. १९३६ साली विंचेस्टरने मॉडेल ७१ या एकाच रायफलीसाठी ते काढलं आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस रायफल बंद झाल्यावर काडतूस पोरकं झालं. .२५७ रॉबर्ट्स तिसऱ्या अवस्थेत आहे. शिवाय कालबाह्यता प्रदेशावरही ठरते. ९.३×६२ माउझर अमेरिकेत बरीच वर्षं जवळपास अनोळखी होतं, पण युरोपातल्या रानडुकरांच्या शिकारीत त्याचा वापर कधी थांबलाच नाही.

२. काडतूस चांगलं असतं तर बंद कशाला पडलं असतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बंद पडणं आणि जनावर पाडण्याची ताकद यांचा आपसात फार थोडा संबंध आहे. सैन्याने एखादं काडतूस स्वीकारलं की केस (काडतुसाचं पितळी टरफल), गोळ्या, रायफली सगळं मुबलक होतं आणि शेजारचं तितकंच गुणी काडतूस मागे पडतं.

.३०० सॅव्हेजची कहाणी बघा. १९२० साली ते आलं तेव्हा उद्देश होता आखूड लिव्हर रायफलीत (चापाखालचा दांडा ओढून काडतूस चढवायच्या रायफलीत) लष्करी .३०-०६ च्या जवळपास जायचं: १५० ग्रेनची गोळी, वेग २७०० च्या आसपास. ते साधलंही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकन सैन्याला .३०-०६ पेक्षा आखूड काडतूस हवंसं वाटू लागलं, तेव्हा सुरुवातीचे प्रयोग याच .३०० सॅव्हेजच्या केसवर झाले. त्यातून जे तयार झालं त्याचं शिकारी रूप म्हणजे १९५२ चं .३०८ विंचेस्टर. त्याची मान (केसचा गोळी धरणारा अरुंद भाग) जास्त लांब होती, वेग थोडा अधिक होता आणि पाठीशी सैन्य होतं. .३०० सॅव्हेज तेव्हाच संपल्यात जमा झालं. हरणावर दीडशे यार्डांवरून मारलेल्या गोळीत या दोघांतला फरक मात्र कुणाला ओळखता येणार नाही.

नावांचा घोळही काडतूस मारतो. .२८० रेमिंग्टन १९५७ साली आलं. खप वाढेना म्हणून १९७९ मध्ये त्याचं नाव बदलून ‘७ मिमी एक्स्प्रेस रेमिंग्टन’ केलं. लोक त्याची ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमशी गल्लत करू लागले, तेव्हा १९८१ मध्ये मुकाट्याने जुनं नाव परत आणलं. काडतूस तिन्ही वेळा तेच होतं.

३. .२४४ रेमिंग्टन आणि .२४३ विंचेस्टर एकाच वर्षी आली. मग एकच का टिकलं?

कारण नळीच्या आतल्या आट्यांत, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचांत आहे. गोळी जितकी लांब, तितकी ती हवेत सरळ राहण्यासाठी जोरात फिरावी लागते. १९५५ साली रेमिंग्टनने आपल्या रायफलीला बारा इंचांत एक फेरा असे संथ आटे दिले. त्यांच्या डोळ्यांसमोर कोल्हे आणि लहान जनावरं मारणारा नेमबाज होता, म्हणून गोळ्याही ७५ आणि ९० ग्रेनच्या. विंचेस्टरने दहा इंचांत एक फेरा दिला आणि १०० ग्रेनची गोळी भरली. एकाच रायफलीने उन्हाळ्यात कोल्हे आणि हंगामात हरीण मारू इच्छिणाऱ्याने अर्थातच .२४३ उचलली.

रेमिंग्टनने १९६३ मध्ये आटे नऊ इंचांवर आणून त्याच काडतुसाला ६ मिमी रेमिंग्टन हे नवं नाव दिलं. तोवर फार उशीर झाला होता. ६ मिमी रेमिंग्टनची केस .२४३ पेक्षा थोडी मोठी, मान लांब, आणि माझ्या मते दोघांत तेच सरस. जुनी .२४४ मिळाली तर नळीचे आटे मोजल्याशिवाय १०० ग्रेनच्या टोकदार गोळ्या घेऊ नका. त्या लक्ष्यावर आडव्या लागू शकतात.

४. आजच्या मॅग्नमच्या (जास्त दारूच्या, वेगवान काडतुसांच्या) मानाने यांचा वेग फारच कमी आहे. त्याने जनावर स्वच्छ मरतं का?

मरतं, गोळी हृदय-फुप्फुसाच्या जागी लागली आणि ती गोळी त्या वेगासाठी बनवलेली असली तर. दुसरी अट लोक विसरतात. .३५ रेमिंग्टन १९०६ पासून आहे: २०० ग्रेनची बोथट नाकाची गोळी, वेग २०८० च्या आसपास. कागदावर हे आकडे केविलवाणे दिसतात. पण ती मऊ शिशाची जाड गोळी त्याच वेगाला उमलेल अशी घडवलेली असते आणि दाट रानात साठ-सत्तर यार्डांवर ती आपलं काम चोख करते. उलट, तीन हजारांच्या वेगासाठी बनवलेली कडक कवचाची गोळी घेऊन ती कमी वेगात मारली, तर ती न उमलता पेन्सिलीएवढं भोक पाडून पलीकडे जाते.

आणखी एक फायदा आकड्यांत दिसत नाही. धक्का कमी असला की नेमबाज डोळे मिटत नाही, चाप ओढताना खांदा आखडत नाही. नेम जागेवर बसण्यात याचा वाटा शंभर-दोनशे फूट वेगापेक्षा मोठा असतो.

५. मग किती अंतरापर्यंत मारायचं?

काडतुसागणिक वेगळं. .३५ रेमिंग्टनचा नेम शंभर यार्डांवर जुळवलेला असेल तर दोनशेवर गोळी साधारण दहा-बारा इंच खाली जाते. म्हणून दीडशेच्या आत थांबावं. टोकदार गोळीच्या ७×५७ ला तीनशे यार्ड अवघड नाहीत.

६. ७×५७ माउझरचं जाणकार इतकं कौतुक का करतात?

कारण ते सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच जवळपास पूर्ण घडलेलं काडतूस आहे. स्पेनच्या सैन्याने ते १८९३ मध्ये घेतलं. त्यात १७३ ग्रेनची लांब, सडपातळ गोळी २३०० च्या आसपास वेगाने जायची. गोळीचं वजन तिच्या जाडीच्या मानाने जास्त असलं की ती मांसात खोलवर जाते, आणि ७ मिमीची ही लांब गोळी त्या बाबतीत अव्वल होती. धक्का सौम्य आणि रायफल हलकी.

इंग्रज बंदूककार रिग्बीने हेच काडतूस .२७५ रिग्बी या नावाने विकलं. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेटला भेट मिळाली ती रायफल याच .२७५ ची. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्याने हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यांतले बहुसंख्य याच काडतुसाने.

बेलचं उदाहरण लोक चुकीच्या अर्थाने देतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. हत्तीसाठी ७ मिमी पुरते, असं त्यातून सिद्ध होत नाही. बेलने हत्तीची कवटी चिरून मेंदू कुठल्या कोनातून कुठे येतो याचा अभ्यास केला होता. तो न उमलणारी, पूर्ण कवचाची गोळी वापरायचा आणि त्याचा नेम असामान्य होता. शिवाय ज्या मोकळ्या मुलखात आणि ज्या बिनधास्त कळपांत तो हिंडला ते आज कुठे नाहीत. आज त्याची नक्कल करणं म्हणजे जनावराचे हाल करणं.

या काडतुसाचा वंशही मोठा आहे. मान अरुंद करून .२५७ रॉबर्ट्स झालं. नेड रॉबर्ट्स यांनी ते घरगुती प्रयोगातून घडवलं आणि रेमिंग्टनने १९३४ मध्ये बाजारात आणलं. प्रश्न ३ मधलं .२४४ सुद्धा याच केसचं. तयार मिळणारी अमेरिकन ७×५७ काडतुसं मुद्दाम सौम्य भरलेली असतात, कारण १८९३ आणि १८९५ च्या जुन्या, नाजूक बोल्टच्या (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याच्या) रायफली अजून लोकांकडे आहेत. काडतुसाची खरी ताकद दाबाला टिकणाऱ्या नव्या रायफलीत आणि युरोपीय भरणीत दिसते.

७. ६.५ मिमी तर हल्ली फॅशनमध्ये आहे. त्यातली जुनी कुठली?

६.५ क्रीडमूर २००७ सालचं. साधारण १४० ग्रेनची गोळी २७०० च्या आसपास हे त्याचं गणित ६.५×५५ कधीपासून जमवत आलं आहे, आणि ते काडतूस स्वीडन-नॉर्वेच्या संयुक्त समितीने १८९४ मध्ये ठरवलं. स्कँडिनेव्हियात मूस (उत्तरेकडचं मोठं हरीण) मारायला आजही ते सर्रास वापरतात. क्रीडमूरची केस आखूड असल्याने लांब निमुळत्या गोळ्या आखूड मॅगझिनमध्ये मावतात, एवढा त्याचा खरा फायदा.

माझं लाडकं मात्र ६.५×५४ मॅनलिखर-शोनाउअर. १९०३ साली ग्रीक सैन्याने घेतलं. १६० ग्रेनची गोल नाकाची गोळी, फिरकी मॅगझिन (काडतुसं फिरत्या चक्रात धरणारं), आणि बोल्ट इतका सुळसुळीत की मूठ नुसती ढकलली तरी काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या घरात) जाऊन बसतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा: ते मॅगझिन त्याच लांब गोळीच्या मापाने बनवलेलं आहे. आखूड गोळ्या भरल्या की चढताना अडतात.

८. लिव्हर रायफलीत टोकदार गोळ्या घालू नयेत म्हणतात. सॅव्हेज ९९ या लिव्हर रायफलीत मात्र चालतात?

हो. ज्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या ट्यूबमध्ये एकामागे एक बसतात, तिथे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरला (बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीला) टेकतं. धक्क्याने तो पेटू शकतो. म्हणून .३०-३० आणि .३५ रेमिंग्टनच्या गोळ्या बोथट असतात. सॅव्हेज ९९ मध्ये काडतुसं फिरत्या चक्रात आडवी राहतात, त्यामुळे ही अडचण येत नाही.

याच रायफलीसाठी चार्ल्स न्यूटनने .२५०-३००० घडवलं. त्याला १०० ग्रेनची गोळी हवी होती. सॅव्हेज कंपनीला जाहिरातीसाठी तीन हजारांचा आकडा हवा होता. म्हणून १९१५ मध्ये ८७ ग्रेनची गोळी भरून ते बाजारात आलं. नंतर १०० ग्रेन आलीच, आणि हरणासाठी तीच योग्य.

ट्यूब मॅगझिनलाही एक अपवाद आहे. रबरासारखं मऊ टोक असलेल्या खास लिव्हर रायफलींच्या गोळ्या आता मिळतात. डब्यावर तसं स्पष्ट छापलेलं असेल तरच वापरा.

९. दाट रानात जवळून मारायला कुठलं विसरलेलं काडतूस बघावं?

.३५८ विंचेस्टर, माझ्याकडून निःसंकोच शिफारस. १९५५ साली .३०८ ची मान रुंदावून बनवलं. २०० ग्रेनची गोळी सुमारे २५०० ने. याच मापाचं .३५ व्हेलन १९२२ पासून घरगुती काडतूस होतं. .३०-०६ ची मान रुंदावली की झालं. रेमिंग्टनने १९८० च्या दशकाअखेर त्याला रीतसर मान्यता दिली.

यापेक्षा मोठं हवं असेल तर ९.३×६२. बर्लिनच्या ओटो बॉकने १९०५ च्या सुमारास ते आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींमधल्या शेतकऱ्यांसाठी बनवलं. साध्या माउझर रायफलीत बसणारं, २८६ ग्रेनची गोळी, वेग २३०० च्या वर. महागडी इंग्रजी दुनळी न परवडणाऱ्या माणसाला त्याने हरणापासून रानरेड्यापर्यंत सगळं दिलं.

१०. .४७०, .५००/४६५, .४७५ नं. २: इतकी एकसारखी इंग्रजी काडतुसं का निघाली?

एका बंदीमुळे. मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलींचं .५७७/४५० काडतूस बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास भारत आणि सुदानात .४५० बोअरच्या (नळीच्या त्या मापाच्या) रायफली-काडतुसांची आयात बंद केली. तोवर मोठ्या जनावरांसाठी .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे ठरलेलं काडतूस होतं. प्रत्येक बंदूककाराने बंदीतून निसटणारं आपापलं माप काढलं आणि हे सगळं कुटुंब जन्माला आलं. त्यांतलं .४७० आजही टिकून आहे. .४५०/४०० बंदीतून आपोआप सुटलं, कारण त्याची गोळी मुळात .४०० ची.

११. .३१५ हे त्याच जातीचं का?

नाही, पण तर्क तसाच. लष्करी .३०३ नागरिकांना बंद होतं, म्हणून शिकारी रायफलीला बिगरलष्करी काडतूस लागलं. भारतीय आयुध कारखान्यांची .३१५ रायफल मुळात ऑस्ट्रियन ८×५०आर मॅनलिखर काडतुसावर बेतलेली आहे.

१२. .३०३ सॅव्हेजच्या रायफलीत .३०३ ब्रिटिश चालेल का?

अजिबात नाही. नावातला आकडा सारखा, बाकी काहीच नाही. दोन्ही शेजारी उभी केलीत तर .३०३ ब्रिटिश ठळकपणे उंच आणि बुडाशी जाड दिसेल. जुन्या काडतुसांच्या नावातला आकडा कधी गोळीचा व्यास असतो, कधी नळीचा, कधी नुसती जाहिरात. म्हणून आकडा आणि त्यापुढचं नाव, दोन्ही जुळल्याशिवाय काडतूस चढवायचं नाही.

१३. आणि ८×५७ च्या दोन जाती?

हा जास्त धोकादायक घोळ आहे, कारण इथे काडतूस चेंबरमध्ये बसतं. १८८८ च्या मूळ जर्मन काडतुसाची गोळी .३१८ इंचांची. १९०५ मध्ये सैन्याने .३२३ इंचांची टोकदार गोळी आणली आणि तिच्या नावापुढे ‘एस’ लागलं. जाड गोळी जुन्या अरुंद नळीतून दाबली गेली की दाब भयंकर वाढतो. नळीची मोजणी करून घेतल्याशिवाय अशी रायफल झाडू नका. याच भीतीपोटी अमेरिकन कारखाने ८ मिमी माउझर फार सौम्य भरतात, आणि मग लोक म्हणतात काडतूस दुबळं आहे.

१४. वारशाने रायफल आली, पण नळीवरचा शिक्का पुसला गेलाय. काडतूस कसं ओळखू?

अंदाजाने काडतुसं घालून बघणं हा मार्ग नव्हे. जाणकार बंदूककार सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वितळवून चेंबरचा साचा काढतो. तो ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणून नळीला इजा होत नाही. थंड होताना आधी आकसतो, मग किंचित फुगतो आणि साधारण तासाभराने चेंबरच्या अचूक मापाचा होतो. तेव्हा मायक्रोमीटर लावायचा. खांद्याचा (केस मानेकडे निमुळती होते त्या उताराचा) कोन, मानेचा व्यास, आट्यांची सुरुवात, सगळं हातात येतं. सोबत बोल्टचं कुलूप घट्ट बसतं का, हेही तपासून घ्या.

१५. डबाभर जुनी काडतुसं सापडली. वापरू का?

एक हातात घ्या आणि मान उजेडात फिरवून बघा. केसाएवढी उभी चीर दिसली तर पितळ पिचलं आहे. हिरवट बुरशी, सैल गोळी, प्राइमरभोवती डाग, यांपैकी काहीही असेल तर ठेवून द्या. यांतलं काही नसलं तरी जुन्या प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. झाडल्यावर त्याचे क्षार नळीत राहतात, हवेतला ओलावा शोषतात आणि नळी गंजते. नुसतं तेल लावून ते जात नाहीत. आधी गरम पाणी, मग कोरडं पुसणं, मग तेल.

चाप ओढल्यावर बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून निदान मिनिटभर थांबा. जुनी दारू उशिरा पेटू शकते. न उघडलेला जुना डबा संग्राहकाकडे देणं अनेकदा जास्त शहाणपणाचं.

१६. केस मिळत नसेल तर दुसऱ्या काडतुसाची घडवता येते ना?

बूड आणि लांबी जुळत असेल तर. .३०-०६ पासून .३५ व्हेलन सहज होतं, .३०८ पासून .३५८. पण तीन ठिकाणी लोक अडकतात. व्हेलनचा खांदा लहान असल्याने केस घडवताना तो चुकून मागे ढकलला गेला तर केस चेंबरमध्ये सैल बसते आणि बारात बुडाजवळ फाटू शकते. .२८० रेमिंग्टनचा खांदा मुद्दाम .०५० इंच पुढे ठेवला आहे, जेणेकरून ते .२७० च्या चेंबरमध्ये बसू नये. म्हणून .२७० ची केस सरळ .२८० मध्ये चालत नाही. आणि रुंदावलेल्या मानेचं पितळ पातळ होतं, अरुंद केलेल्या मानेचं जाड. जाड मान गोळी सोडत नाही आणि दाब चढतो. दारूचं प्रमाण फक्त त्या काडतुसाच्या आणि त्या जातीच्या रायफलीच्या छापील तक्त्यातून घ्यायचं. काळ्या दारूच्या जमान्यातल्या नळीत बिनधुराची दारू तर नाहीच.

१७. जुनं ते सगळं चांगलंच का?

नाही. .२८० रॉस हे आपल्या काळातलं अतिवेगवान काडतूस होतं. हलकी, वेगवान गोळी हरणावर छान, पण मोठ्या अंगावर आत पोचण्याआधीच फुटायची. १९११ मध्ये जॉर्ज ग्रे याने पूर्व आफ्रिकेत चाल करून आलेल्या सिंहावर .२८० रॉसने गोळ्या झाडल्या. सिंह थांबला नाही आणि त्या जखमांनी ग्रे दगावला. प्रश्न ४ मधली गोळीच्या घडणीची अट इथे उलट्या बाजूने लागू होते.

१८. काडतूस पुरेसं आहे, पण कायद्यात बसत नाही, असं होतं का?

होतं, आणि परदेशी शिकारीला जाणारे यातच फसतात. जर्मनीत हरिणवर्गातल्या लहान रो हरणासाठी शंभर मीटरवर किमान १००० ज्यूल लागतात. लाल हरीण, रानडुक्कर यांसाठी किमान ६.५ मिमी कॅलिबर (गोळीचा व्यास) आणि शंभर मीटरवर २००० ज्यूल. कारखान्याच्या .३५ रेमिंग्टनच्या २०० ग्रेन गोळीत तिथवर साधारण १७०० ज्यूल उरतात. म्हणजे रानडुकरासाठी उत्तम असूनही ते तिथे बेकायदा. ६ मिमी रेमिंग्टन ज्यूलच्या अटीत बसतं, पण व्यासाच्या अटीत अडकतं. ७×५७ दोन्हींतून पार होतं. आफ्रिकेत काही देश धोकादायक जनावरांसाठी किमान .३७५ मागतात, तर काही ठिकाणी ९.३ मिमीला खास सूट आहे. परवाना अर्ज भरण्याआधी त्या देशाचा नियम कॅलिबर मोजतो, ज्यूल मोजतो की दोन्ही, आणि कुठल्या अंतरावर, हे लेखी विचारून घ्या.